साठीनंतरची किक

गुडघे कुरकुरायला लागले की घरचे आणि मित्र एकसुरात सांगतात, ती जुनी ब्रिटिश मोटरसायकल आता विकून टाका. ५०० सीसीच्या सिंगल सिलिंडरला किक मारणं हे तरण्याताठ्या पायांचं काम! सल्ला मायेचा असतो, पण त्यामागचं भौतिकशास्त्र कच्चं असतं. अशा गाडीवर घोटा सुजवून घेतलेले तरुण पुष्कळ भेटतात, आणि सत्तरीतला एखादा किरकोळ अंगाचा गृहस्थ तीच गाडी एका किकेत चालू करून हातमोजे चढवत निघून जातो. यावर लोक म्हणतात, गाडी त्याला ओळखते. गाडी कुणालाच ओळखत नाही. त्या गृहस्थाला इंजिनाच्या दोन फेऱ्यांचा हिशोब पाठ असतो.

तो हिशोब करून बघू. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबतो. समजा इंजिन ५०० सीसीचं आहे आणि कॉम्प्रेशन रेशो ७, म्हणजे हवा सातव्या हिश्शात कोंबली जाते. दाबणं इतकं झटपट होतं की उष्णतेला बाहेर पडायला फुरसत मिळत नाही. अशा रुद्धोष्म दाबणीचं सूत्र वापरलं तर सुमारे १७० ज्यूल काम निघतं. त्यातले ५० ज्यूल पिस्टनच्या खालच्या बाजूने वातावरणाचा दाब आपल्याला फुकट देतो. उरले १२०. प्रत्यक्षात आकडा याहून थोडा कमी भरतो, कारण इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि रिंगांच्या फटींतून हवा निसटते. पण वाईटात वाईट धरून १२० घेऊ. आता ७० किलोचा माणूस २० सेंटिमीटर खाली आला तर किती ऊर्जा मोकळी होते? १३७ ज्यूल. २० सेंटिमीटर म्हणजे जिन्याची जेमतेम एक पायरी. ज्याला जिना चढता येतो त्याच्याकडे किकेपुरती ऊर्जा आहे!

मग अडतं कुठे? हे १२० ज्यूल इंजिनाच्या एका चक्राच्या दोन फेऱ्यांत सारखे वाटलेले नाहीत. बहुतेक सगळे पिस्टन टॉपला पोचण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात वसूल होतात. टॉपला आतला दाब बाहेरच्या हवेच्या पंधरा पट झालेला असतो. बीएसए गोल्ड स्टारच्या ५०० सीसी मॉडेलचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८५ मिलिमीटर. एवढ्या पिस्टनवर त्या दाबाने पडणारा भार ८०० किलोच्या घरात जातो. नवखा माणूस किक जिथे असेल तिथून जोरात लाथ घालतो. पिस्टन नेमका कॉम्प्रेशनच्या वाटेवर असेल तर फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला) वेग यायच्या आतच हा भार समोर उभा राहतो, पाय मधेच थबकतो आणि सगळा हिसका गुडघ्यात येतो.

जाणकार आधी किक हलकेच दाबत नेतो. कॉम्प्रेशन लागलं, पायाखाली घट्ट वाटलं की थांबतो. मग हँडलवरचा डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढतो. त्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलला जातो आणि कोंडलेली हवा फुस्स करून निघून जाते. या सवलतीत तो पिस्टन टॉपच्या अगदी थोडा पलीकडे सरकवतो, लिव्हर सोडतो आणि किक पुन्हा वर येऊ देतो. खरी किक यानंतर. व्हेलोसेट चालवणारे या विधीसाठी प्रसिद्ध आहेत. व्हेलोसेट व्हेनम ८६ बाय ८६ मिलिमीटरचं (बोअर आणि पिस्टनची वरखाली धाव) सिंगल इंजिन. १९६१ मध्ये फ्रान्सच्या माँटलेरी ट्रॅकवर तिने २४ तास सरासरी ताशी १०० मैलांहून अधिक वेग राखला. तीच गाडी घाईच्या लाथेला मात्र दाद देत नाही.

या विधीतली गंमत समजून घेण्यासारखी आहे. फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत पुरं होतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपपलीकडे असेल तर पुढे काय येतं बघा: खाली जाणं, मग वर येऊन जुना वायू बाहेर टाकणं, मग पुन्हा खाली जाऊन नवा श्वास घेणं. तब्बल दीड फेरी वाटेत अडथळा नाही. या दीड फेरीत पायाने दिलेलं काम वाया न जाता फ्लायव्हीलमध्ये साठतं. १० किलोची, ९ सेंटिमीटर त्रिज्येची लोखंडी चकती मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर तिच्यात सुमारे ५५ ज्यूल असतात, म्हणजे कॉम्प्रेशनची जवळजवळ निम्मी किंमत आधीच भरलेली. बाकीची अजून खाली जाणारा पाय भरतो. ही साठवण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग निम्मा झाला तर साठा चौथाईवर येतो. म्हणून भित्र्या पायाने मारलेल्या दहा अर्धवट किका मिळूनही एका पुऱ्या किकेची बरोबरी करत नाहीत.

दोन सिलिंडरच्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, आणि मला ते फार आवडतं. एडवर्ड टर्नरने काढलेली १९३७ ची ट्रायम्फ स्पीड ट्विन घ्या: ६३ बाय ८० मिलिमीटर, दोन सिलिंडर मिळून ४९८ सीसी. दोन्ही पिस्टन एकत्रच वरखाली होतात, पण कॉम्प्रेशन आळीपाळीने येतं, दर फेरीला एक. एकाच्या टॉपपासून निघालात तर अर्ध्याच फेरीत दुसऱ्याचं कॉम्प्रेशन सुरू. धाव घ्यायला जागा कमी, पण अडथळाही निम्मा, साठेक ज्यूलचा. म्हणून ट्विनला टॉप शोधत बसावं लागत नाही. दुसऱ्या टोकाला बीएसए एम २०, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी सव्वा लाखाच्या आसपास बनलेली. सिंगलच, ४९६ सीसीची, पण कॉम्प्रेशन रेशो फक्त ४.९. वरच्याच सूत्राने काम येतं ९० ज्यूल. गुडघेदुखीवाल्याने सिंगलच घ्यायची म्हटली तर मी हीच सुचवेन. वेगाचं नाव काढू नये.

आता वयाचा भाग. म्हातारपणी ताकद जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याआधी जातो तो झपाटा. स्नायूंमध्ये सावकाश आकुंचन पावणारे आणि झटपट आकुंचन पावणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात, आणि वयाबरोबर झटपटवाले जास्त आक्रसतात. जिना चढता येतो पण उडी मारवत नाही, त्याचं कारण हे. नुसत्या मांडीच्या जोराने मारलेली किक म्हणजे उडीच. पण शरीराचं वजन म्हातारं होत नाही. फूटरेस्टवर डावा पाय रोवून सावकाश, दोन सेकंद घेऊन अंग २० सेंटिमीटर वर उचला. शक्ती लागेल ७० वॉटच्या आत. मग सगळं वजन किकेवर सोडून द्या. सावकाश साठवलेली ऊर्जा गुरुत्वाकर्षण क्षणात परत करतं, झटपट तंतूंवाचून. गुडघा शेवटपर्यंत थोडा वाकलेला हवा. का, ते पुढे येतं.

कधी कधी किक उलटते. ठिणगी पिस्टन टॉपला पोचण्याआधीच पडते, कारण पेट्रोलचा वायू पेटायला वेळ लागतो. समजा ती क्रँकच्या फेरीतले ३६ अंश आधी पडते. मिनिटाला ३००० फेऱ्यांना हे ३६ अंश २ मिलिसेकंदांत सरतात, ज्वाळा पसरेपर्यंत पिस्टन टॉप ओलांडतो आणि सगळं सुरळीत. किकेच्या वेळी ३०० फेऱ्या असतील तर त्याच ३६ अंशांना २० मिलिसेकंद लागतात. पिस्टन अजून वर येतोय आणि स्फोटाचा दाब पुरा झालाय. मग इंजिन उलटं फिरतं आणि किक पाय घेऊन वर येते. गुडघा ताठ असला तर तो सगळा धक्का सांध्यावर. यासाठीच जुन्या गाड्यांच्या हँडलवर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घ्यायचा लिव्हर असतो.

मग पूर्ण मागे का घेऊ नये? याचं उत्तर मॅग्नेटोत, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्रात आहे. इथे थोडा धीर धरावा लागेल. मॅग्नेटोला बॅटरी नसते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या तत्त्वावर तो चालतो: तारेच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत विद्युतदाब निर्माण होतो, आणि बदल जितका जलद तितका दाब जास्त. ल्यूकस कंपनीच्या मॅग्नेटोत चुंबकाच्या ध्रुवांमध्ये आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला गाभा, फिरतो. त्यावर जाड तारेचं थोड्या वेढ्यांचं आणि बारीक तारेचं हजारो वेढ्यांचं, अशी दोन वेटोळी. जाड वेटोळं पॉइंटमधून (उघडझाप करणाऱ्या संपर्कांतून) बंद असतं, त्यात प्रवाह वाहतो आणि तो क्षेत्राच्या बदलाला विरोध करून त्याला थोपवून धरतो. मग पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो आणि थोपलेलं क्षेत्र एका झटक्यात पालटतं. बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट येतात. आर्मेचरच्या एका फेरीत अशी उत्तम जागा ठरलेली असते आणि पॉइंट बहुधा टायमिंग पूर्ण पुढे असतानाच नेमके तिथे उघडतात. लिव्हरने पॉइंट उघडणारी कॅम-रिंग मागे सरकवली की ते त्या जागेपासून दूर उघडतात आणि ठिणगी अशक्त होते. त्यात आर्मेचर फिरतो क्रँकच्या निम्म्या वेगाने, म्हणजे किकेला मिनिटाला १५० फेऱ्या. टायमिंग पूर्ण पुढे ठेवलं तर घोटा धोक्यात, पूर्ण मागे घेतलं तर ठिणगी अशक्त. मधली जागा प्रत्येक गाडीची थोडी वेगळी असते.

आणि म्हणून साठीनंतर व्यायामापेक्षा कंडेन्सरकडे लक्ष द्यावं असं माझं ठाम मत आहे. पॉइंट उघडताना प्रवाह ठिणगीच्या रूपाने तिथेच उडी मारू नये म्हणून कंडेन्सर तो झेलतो. ल्यूकसने तो आर्मेचरच्या पोटात ठेवलाय. जुन्या कंडेन्सरचं आवरण ओल धरतं आणि गरम झालं की त्यातून प्रवाह गळतो. लक्षण अगदी ठरलेलं: थंड गाडी पहिल्या किकेत चालू, आणि ३० मैल जाऊन थांबलात की काही केल्या चालू होत नाही. या ठिकाणी गाडी रुसली, तिला विश्रांती हवी, अशी भाषा सुरू होते. विश्रांतीने कंडेन्सर थंड होतो, बाकी काही नाही. तो बदलून आर्मेचर नव्याने गुंडाळून घेतला की रुसवा कायमचा संपतो. पेट्रोलच्या नळीवर चिकटवायची चुंबकं, टाकीत सोडायच्या कथलाच्या गोळ्या, असलं काही विकत घेऊ नये. पेट्रोलच्या रेणूंना त्या चुंबकाची दखलही नसते. चुंबकाची जागा मॅग्नेटोत.

पेट्रोलचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, जुनी रबरं आणि फायबरग्लासच्या टाक्या खातं. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावं. तळाशी शिळं राहिलेलं पेट्रोल आपला लवकर पेटणारा हलका भाग आधीच उडवून बसलेलं असतं, त्यावर किक मारणं व्यर्थ.

रस्त्यावर दोनच गोष्टी सांगेन. या गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. आधुनिक गाडीची सवय असलेला माणूस ऐनवेळी चुकीचा पाय दाबतो, म्हणून सुरुवात मोकळ्या रस्त्यावर करावी. दुसरं, कंपनं. बोटं बधिर होऊन पांढरी पडायला लागली तर थांबायचं, हट्ट करायचा नाही. ब्रिटिश कायदाही इथे मजेशीर आहे: गाडीने चाळिशी ओलांडली आणि तिच्यात मोठे बदल केलेले नसले तर तिला वार्षिक एमओटी तपासणी माफ, माणसाने सत्तरी गाठली की त्याला मात्र दर ३ वर्षांनी लायसन्सचं नूतनीकरण.

राहिला इलेक्ट्रिक स्टार्टर. नॉर्टनने १९७५ मध्ये ८५० कमांडोच्या मार्क ३ ला तो बसवला, पण तो इतका लेचापेचा निघाला की मालक पायाने मदत करायचे. आज त्याहून चांगले संच मिळतात, आणि गुडघ्याचा सांधा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारून खुशाल बसवावा. फक्त आधी मॅग्नेटो दुरुस्त करून घ्या, कारण मेलेल्या ठिणगीवर स्टार्टर फिरवत राहिलात तर बॅटरी तेवढी उतरेल.