वहीतले पक्षी आणि 'भरपूर' म्हंजे किती

जानेवारी आला की नाथसागराच्या, म्हंजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर पहाटे पहाटे दुर्बिणी घेतलेली माणसं दिसायला लागतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, जायकवाडी अभयारण्य त्याच्या आदल्या वर्षीचं, त्यामुळं आपल्याकडं पक्षी बघणाऱ्यांच्या घरी जुन्या वह्यांची चळतच्या चळत पडलेली असते. मागच्या पावसाळ्यात आम्ही अशा काही वह्या एक्सेलमधे भरायला बसलो. वाटलं आठवड्यात होईल, पण पहिल्याच पानावर अडकलो.

पानावर लिहिलेलं, "३/२, पैठण धरण. चक्रवाक ४०. वारकरी भरपूर. राजहंस आले." बस, एवढंच. (वारकरी म्हंजे इथं पाणपक्षी, पंढरीचा नव्हे.)

आता बघा, राजहंस कोणी पट्टकदंबाला म्हणतं आणि कोणी रोहित म्हंजे फ्लेमिंगोला, शास्त्रीय नाव लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. तारखेचंही तसंच, कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असलं की ३ फेब्रुवारीचा गुपचूप २ मार्च होतो, आणि मार्चमधे हे पाहुणे परतीच्या तयारीत असतात, म्हणून महिन्याभराचा हा फरक साधा नाही. 'पैठण धरण' म्हंजे नेमकं कुठं? जलाशय तर शेकडो चौरस किलोमीटरचा. अक्षांश-रेखांश लिहिले तरी उलटे पडले की घोटाळा, पैठण साधारण १९.५ उत्तर, ७५.४ पूर्व, दोन आकडे अदलाबदल झाले की आपला चक्रवाक थेट नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडतो.

पण सगळ्यात जास्त अडचण पानावर जे नाही त्याची. करकोचा लिहिलेला नाही. दिसला नाही, का ओळखू आला नाही, का त्या बाजूला कुणी गेलंच नाही? या तिन्हीचा अर्थ वेगळा आणि वहीत तिन्ही सारखेच, कोरे. संशोधकाला पक्षी कमी झाले का हे बघायचं असतं तेव्हा त्याला शून्य सुद्धा लागतं, आणि ते शून्य किती शोधून आलंय तेही लागतं, कारण दोघांनी तासभर बघणं आणि दहा जणांनी दिवसभर बघणं याची तुलना होतच नाही. त्यात आपल्याकडं पाण्याचं गणित वेगळंच. पाणी उतरलं की गाळपेराची जमीन उघडी पडते, उथळ चिखलात पक्षी गोळा होतात, मग दुष्काळी वर्षात आकडा वाढलेला दिसतो आणि पक्षी वाढले असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

यासाठी जगभरात डार्विन कोअर नावाची पद्धत वापरतात. कॉलमची नावं आणि त्यांचे अर्थ ठरवून दिलेले, जात, तारीख, जागा, कसं मोजलं, किती वेळ मोजलं, आढळला का नाही. सगळ्यांनी एकाच साच्यात भरलं की पैठणची वही आणि मंगोलियातली नोंद एकमेकीला जोडता येते, आणि पट्टकदंब तर तिकडूनच हिमालय ओलांडून येतो. २००१ पासून चालू असलेल्या जीबीआयएफवर, म्हंजे जगभरातल्या सजीवांच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या खुल्या साठ्यावर, असा डेटा कुणालाही फुकट बघता येतो. २०२३ च्या भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ९४२ जातींचा हिशोब मांडता आला तो सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर, त्या नोंदी एका साच्यात होत्या म्हणूनच जमलं.

भरताना आमच्यातल्या एकानं 'भरपूर'च्या जागी ५०० टाकलं होतं. ते काढलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, अंदाजाचा आकडा एकदा शीटमधे गेला की तो मोजलेल्या आकड्यासारखाच दिसतो. आता आढळला एवढंच भरतो, 'भरपूर' हा शब्द शेऱ्यात जशास तसा, आणि मूळ पानाचा फोटो सोबत.

येत्या जानेवारीसाठी पान आधीच आखून ठेवलंय: किती वाजता सुरू, किती वाजता बंद, किती माणसं, कुठं उभे, त्या दिवशीचा पेपरातला धरणाचा साठा किती टक्के. आणि करकोच्याची ओळ छापूनच ठेवलीय, नाही दिसला तर तिथं ० लिहायचा.