फरारी गुलाम कायदा (१८५०)

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून पळून उत्तरेत आलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने केलेला कायदा. असा कायदा १७९३ पासून होताच. पण उत्तरेतली राज्ये तो फारसा मनावर घेत नसत. कॅलिफोर्निया गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघात आले, तेव्हा दक्षिणेची समजूत काढण्यासाठी झालेल्या तडजोडीत हा कडक कायदा आला. १८ सप्टेंबर १८५० रोजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांनी त्यावर सही केली.

त्यातली कलमे वाचताना आजही अंगावर काटा येतो. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही आणि स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभाही नाही. त्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निकाल देणाऱ्या कमिशनरला दर प्रकरणामागे फी मिळे: माणूस मालकाकडे परत धाडला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५. परत पाठवण्यात कागदपत्रांचे काम जास्त, असे त्याचे समर्थन केले जाई. पण न्यायाच्या तागडीत पाच डॉलरचे वजन आधीच टाकून ठेवले होते, हे कुणालाही दिसत होते.

व्हर्जिनियातून पळालेला अँथनी बर्न्स २४ मे १८५४ रोजी बॉस्टनमध्ये पकडला गेला. त्याला सोडवण्यासाठी जमावाने कोर्टावर चाल केली. त्यात एक पहारेकरी मारला गेला, बर्न्स मात्र सुटला नाही. २ जूनला या एका तरुणाला सैन्याच्या पहाऱ्यात बंदरावर नेले. रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते, दुकानांवर काळी कापडे होती आणि वर एक शवपेटी टांगलेली होती. तिच्यावर ‘स्वातंत्र्य’ असे लिहिले होते. आतापर्यंत गुलामगिरी हे दूरच्या कापसाच्या मळ्यांतले पाप वाटत होते. त्या दिवशी बॉस्टनकरांनी ते आपल्या दारावरून जाताना पाहिले. पुढच्या वर्षी वर्गणी काढून बर्न्सला विकत घेऊन मुक्त करण्यात आले.

उत्तरेतही सुरक्षितता उरली नाही, म्हणून स्वतः गुलामगिरीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांनी आपल्या माणसांना थेट कॅनडात, सेंट कॅथरिन्सपर्यंत नेले. बर्न्सही शेवटी तिथेच पाद्री झाला आणि १८६२ मध्ये तिथेच वारला.

यादवी युद्ध चालू असताना, २८ जून १८६४ रोजी हा कायदा रद्द झाला. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरीच संपवली. या लढ्याची जाण पुण्यातही होती: १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले.