पुस्तकाची पीडीएफ टेलिग्रामवर फिरतेय? लेखक-प्रकाशकांसाठी तक्रारीची रीत

स्पर्धा परीक्षेचं नवं पुस्तक पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात विक्रीला येतं आणि थोड्याच दिवसांत त्याची पीडीएफ सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये मोबाइलवर दिसते. लिहिणाऱ्याची दोन-तीन वर्षांची मेहनत अशी फुकट वाटली जाते.

टेलिग्रामसारख्या प्लॅटफॉर्मकडे तक्रार कॉपीराइटचा मालक किंवा एकमेव परवानाधारकच करू शकतो. म्हणून आधी प्रकाशकाशी झालेला करार वाचा. हक्क किती वर्षांसाठी दिले ते करारात लिहिलेलं नसेल, तर कायदा ५ वर्षंच धरतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. पण ५०० रुपये भरून पुस्तकाची नोंदणी केलेली असली, की मालकी दाखवणं कोर्टात खूप सोपं जातं.

चॅनल बंद पाडण्याआधी पुरावा गोळा करा, कारण मजकूर उडाला की हातात काहीच उरत नाही. लिंक, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट आणि उतरवलेली फाइल जपून ठेवा. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास सांकेतिक क्रमांक) द्यावी लागते.

मग प्लॅटफॉर्मला लेखी तक्रार द्या. त्यात पुस्तकाचा तपशील, मालकीची कागदपत्रं, नेमकी लिंक आणि कोर्टात दावा लावण्याची हमी हवी. कॉपीराइटच्या २०१३ च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्मने ३६ तासांत ती लिंक बंद करायची असते. मात्र तुम्ही २१ दिवसांत कोर्टाचा आदेश प्लॅटफॉर्मला आणून दिला नाही, तर फाइल पुन्हा दिसू शकते. बरेच जण इथेच चुकतात. वकील तक्रारीच्या आधीच गाठा.

फाइल टाकणारा कुठलाही असो, पुण्यात राहणारा लेखक शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ ची ही मोठीच सोय आहे. तातडीचा मनाई हुकूम मागा. चॅनल चालवणाऱ्याचं नाव माहीत नसेल, तर तेही कोर्टामार्फत मागता येतं. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंग यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टेलिग्रामला असा तपशील द्यायला लावला होता.

पोलिसांकडेही जाता येतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला आहे. मात्र कृत्य जाणूनबुजून केल्याचं सिद्ध व्हावं लागतं.

एखाद्या विद्यार्थ्याला चुकून नोटीस आली, तर घाबरून पैसे भरू नयेत. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध याच कायद्याच्या कलम ६० खाली त्यालाही दावा लावता येतो.