चार्ट वाचला म्हणजे डोळे ठीक?

"चार्टवरची शेवटची ओळ वाचतोय ना, मग डोळ्यांना काही नाही!" हा समज चुकीचा आहे. चार्ट एकेका डोळ्याने, लांबून वाचतात. पुस्तक वाचताना मात्र दोन्ही डोळे नाकाकडे वळून एकाच शब्दावर टिकावे लागतात. ते जमलं नाही की अक्षरं दोन-दोन दिसतात, ओळ सुटते, डोकं दुखतं. काही मुलं तर एक डोळा हाताने झाकून वाचतात. आणि आपण त्यांना आळशी ठरवून मोकळे!

यावर व्यायाम खरोखर चालतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत हा त्रास असलेली ९ ते १७ वर्षांची २२१ मुलं होती. १२ आठवडे क्लिनिकमध्ये थेरपी आणि घरी सराव केलेल्यांपैकी ७३ टक्के सुधारली. नुसती पेन्सिल नाकाकडे आणण्याचा व्यायाम घरी करणाऱ्यांत ४३ टक्के.

मात्र या थेरपीने डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द वाचणंच जड जाण्याची अडचण, बरा होतो, हीसुद्धा थापच. २०१९ च्या चाचणीत वाचलेलं समजण्यात ती नकली थेरपीपेक्षा सरस ठरली नाही. तसं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नको म्हणा. डोळा तिरळा दिसत असेल तर आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा, व्यायामाचं नंतर बघू.