गुदाशयातील जोडाची गळती

गुदाशयाच्या कर्करोगात गाठीचा भाग काढल्यावर मोठ्या आतड्याचे वरचे टोक उरलेल्या गुदाशयाला किंवा थेट गुदद्वाराला जोडतात. हा जोड न भरता सुटला आणि मल ओटीपोटात उतरू लागला, तर त्यास जोडाची गळती म्हणतात. तिचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के आढळते. जोड जितका खाली, तितका धोका जास्त. अपुरा रक्तपुरवठा, आधी दिलेले रेडिएशन, मधुमेह, कुपोषण व धूम्रपान यांनी तो वाढतो. निगुतीने घातलेला जोडही गळू शकतो. त्यामुळे दरवेळी सर्जनला दोष देणे रास्त नाही.

गळती ओळखणेच अवघड. नाडी जलद होते, पोट फुगते, वारा सरत नाही. ताप मागाहूनही येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर रक्तातील सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) १५० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर राहिले, तर गुदमार्गाने स्कॅनमध्ये उमटणारे औषध सोडून सीटी स्कॅन करतात. स्कॅन निर्दोष आला तरी गळती नाहीच असे ठरत नाही.

कित्येकदा गळती घरी गेल्यावर उघड होते. १८९४ पासूनच्या वानलेस रुग्णालयामुळे नावारूपाला आलेल्या मिरजेत जत-आटपाडीकडून, तसेच उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात. अशा रुग्णाने गावी ताप वा पोटफुगी दिसताच सलाइन लावून वाट पाहू नये. शस्त्रक्रिया झाली तिथेच कळवावे.

२०१० च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उपचारांवरून तीन श्रेणी केल्या आहेत. ‘अ’मध्ये उपचार बदलावे लागत नाहीत. ‘ब’मध्ये प्रतिजैविके देतात, सोनोग्राफी वा सीटीच्या आधारे नळी घालून पू काढतात, काही ठिकाणी गळतीने जोडामागे झालेल्या पोकळीत स्पंज ठेवून निर्वाताने स्राव ओढतात. ‘क’मध्ये पोट पुन्हा उघडावे लागते. तेव्हा पोट धुऊन जोड राखायचा की मोडून वरचे टोक कायमचे पोटावर आणायचे, हे रुग्णाची प्रकृती व आतड्याची अवस्था पाहून ठरते.

खालच्या जोडाच्या वेळीच लहान आतडे तात्पुरते पोटावर काढून पिशवी लावणे, हा नातेवाइकांना सर्वांत नकोसा वाटणारा भाग. स्वीडनमधील २००७ च्या चाचणीत लक्षणे देणारी गळती पिशवी असलेल्यांत १०.३ टक्के, नसलेल्यांत २८ टक्के आढळली. गळती झालीच, तरी पिशवीमुळे मल जोडापर्यंत पोहोचत नाही. जोड भरल्याची खात्री क्ष-किरणाने करून मगच ती बंद करतात. गळती झालेल्यांत हा काळ लांबतो, केमोथेरपीही पुढे ढकलावी लागते. जोडामागची पोकळी न भरल्यास काहींची पिशवी कायमच राहते.