गणवेशातले थोडे, रेडिओसमोरचे फार : युद्धपूर्व अमेरिकेतला फॅसिझम

२० फेब्रुवारी १९३९. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २० हजारांवर माणसं जमली होती. व्यासपीठामागे जॉर्ज वॉशिंग्टनचं तीस फुटी चित्र, त्याच्या दोन्ही बाजूंना अमेरिकी झेंडे आणि नाझींचं तिरकं स्वस्तिक. निमित्त होतं वॉशिंग्टनच्या जयंतीचं, आणि सभा होती 'जर्मन अमेरिकन बुंड' या संघटनेची. तिचा नेता फ्रिट्झ कून अध्यक्ष रूझवेल्टचा उल्लेख 'रोझेनफेल्ड' अशा ज्यू धाटणीच्या नावाने करत होता, म्हणजे अध्यक्ष ज्यूंच्या ताब्यात आहे असं सुचवत होता. एक ज्यू तरुण मंचावर धावला, तर त्याला कूनच्या माणसांनी बेदम मारलं आणि वर कोर्टाने त्यालाच २५ डॉलर दंड केला.

या सभेचं चित्रीकरण पाहिलं की वाटतं, अमेरिका थोडक्यात वाचली. पण त्याच वेळी गार्डनबाहेर हजारो निदर्शक होते आणि त्यांना थोपवायला सुमारे १,७०० पोलीस लागले होते. बुंडच्या वर्गणीदार सदस्यांचा इतिहासकारांचा वरचा अंदाज २५ हजारांच्या आसपास आहे. त्यात भरणा होता तो पहिल्या महायुद्धानंतर आलेल्या जर्मनांचा. जुन्या जर्मन-अमेरिकन घराण्यांना या मंडळींची लाजच वाटायची. गंमत म्हणजे बर्लिनलाही त्यांचं ओझंच झालं होतं. १९३८ मध्ये जर्मन सरकारने आपल्या नागरिकांना बुंडमध्ये राहायला मनाई केली.

अस्सल अमेरिकी मातीतल्या संघटनांची मतपेटीतली ताकद तर याहून केविलवाणी. विल्यम डडली पेली या एकेकाळच्या पटकथालेखकाने हिटलर चॅन्सेलर झाल्याबरोबर, १९३३ मध्ये, 'सिल्व्हर शर्ट्‌स' काढली. ऐन भरात तिचे सदस्य १५ हजारांच्या घरात होते. १९३६ मध्ये तो अध्यक्षपदासाठी उभा राहिला. मतपत्रिकेवर त्याचं नाव फक्त वॉशिंग्टन राज्यात होतं आणि मतं मिळाली १,५९८.

एवढ्यावरून पाठिंबा नव्हताच असा निष्कर्ष काढणारे फादर चार्ल्स कॉफलिनला विसरतात. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक गावातला हा कॅथलिक धर्मगुरू १९२६ पासून रेडिओवर बोलत होता. मंदीत बँका बुडाल्या, लोकांची पुंजी गेली, आणि सावकारशाहीला शिव्या घालणारा त्याचा दमदार आवाज घरोघरी पोहोचला. त्याचे श्रोते तीन कोटींपर्यंत होते असा अंदाज सांगितला जातो. सुरुवातीला तो रूझवेल्टचा कट्टर समर्थक. चांदीला चलनात मान द्या, असा त्याचा धोशा होता. १९३४ मध्ये सरकारने चांदीच्या साठेदारांची यादी जाहीर केली, तर तीत त्याच्या सेक्रेटरीचंच नाव निघालं! श्रोत्यांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

१९३६ मध्ये त्याने युनियन पार्टीचा अध्यक्षपदाचा उमेदवार विल्यम लेम्के याच्यामागे जोर लावला आणि ९० लाख मतं आणली नाहीत तर रेडिओ सोडीन अशी प्रतिज्ञा केली. मिळाली नऊ लाखांहूनही कमी. रेडिओ त्याने सोडला, काही आठवड्यांपुरता. १९३८ पर्यंत त्याचा रोख उघडपणे ज्यूंवर वळला होता. त्याच्या 'सोशल जस्टिस' साप्ताहिकाने ज्यू जगावर ताबा मिळवायचा कट करताहेत असं सांगणारा 'प्रोटोकॉल्स' हा बनावट दस्तऐवज छापला, शिवाय हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या भाषणातले उतारे कॉफलिनच्या नावाने छापले. जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली तेव्हा त्याने कम्युनिस्टांकडे बोट दाखवत नाझींची बाजू सावरली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या एका केंद्राने त्याचं भाषण लावायला नकार दिला, तर श्रोतेच त्या केंद्राबाहेर निदर्शनं करू लागले.

ऐकणं म्हणजे मत देणं नव्हे, हे लेम्केच्या आकड्यांनी दाखवून दिलं. मग लोकांच्या मनात नेमकं होतं काय? माझ्या मते याचं खरं उत्तर नोव्हेंबर १९३८ च्या गॅलप जनमत चाचणीत सापडतं. ज्यूंना नाझी देत असलेली वागणूक ९४ टक्के लोकांना नापसंत होती; पण त्याच ज्यूंना अधिक संख्येने अमेरिकेत घ्यायला ७२ टक्क्यांनी नकार दिला. पुढच्या वर्षी २० हजार मुलांना आश्रय देण्याचं विधेयक मतदानापर्यंत पोहोचलंच नाही. जूनमध्ये ९०० हून अधिक निर्वासितांचं 'सेंट लुइस' जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून युरोपकडे परत गेलं.

ही वृत्ती जर्मनीहून आयात झालेली नव्हती. १९२० च्या दशकात गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी झटणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेचे सदस्य लाखोंनी मोजले जात, आणि १९२५ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून तिने हजारोंचा मोर्चा नेला. १९२४ चा स्थलांतर कायदा वंशावर आधारित होता. त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व मागणाऱ्या पंजाबी भगतसिंग थिंड यांना 'गोरे' ठरवायला नकार दिला होता. मोटार उद्योजक हेन्री फोर्डच्या वृत्तपत्राने त्याआधीच ज्यूविरोधी लेखमाला चालवली होती. मुसोलिनीचं कौतुक तर अगदी प्रतिष्ठित वर्तुळांतही होतं. त्याचा मंत्री इटालो बाल्बो १९३३ मध्ये विमानांचा ताफा घेऊन शिकागोला उतरला, तेव्हा शहराने एका रस्त्याला त्याचं नाव दिलं.

अमेरिकेने युद्धात पडू नये म्हणून १९४० मध्ये निघालेल्या 'अमेरिका फर्स्ट कमिटी'चे आठ लाख सदस्य याच हिशेबात धरावेत का, यावर वाद आहे. सरसकट धरू नयेत असं मला वाटतं. तिच्यात युद्धाला कंटाळलेले विद्यार्थी होते, शांततावादी होते, आणि फॅसिस्टही घुसले होते. पण तिचा सर्वांत लाडका वक्ता, प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग, सप्टेंबर १९४१ मध्ये डे मॉइन्सच्या सभेत ज्यूंना युद्धखोर म्हणाला, तेव्हा युद्धविरोध आणि फॅसिझम यांच्यातली रेघ पुसट झाली. पर्ल हार्बरनंतर काही दिवसांतच कमिटी बरखास्त झाली.

कून १९३९ अखेरीस तुरुंगात गेला, तोही देशद्रोहासाठी नाही तर बुंडच्याच पैशांच्या अफरातफरीसाठी. पेलीला १९४२ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. कॉफलिनवर मात्र सरकारने खटला भरला नाही. १९४२ मध्ये त्याच्या साप्ताहिकाची टपाल सवलत काढून घेतली गेली आणि वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी त्याला राजकारण बंद करायला सांगितलं. १९६६ पर्यंत तो रॉयल ओकच्या त्याच चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना चालवत राहिला.