मेर्क्लिन की टू-रेल? एकाच मापाच्या, पण न जुळणाऱ्या दोन रेल्वे

समोर मॉडेल रेल्वेची दोन खोकी आहेत. दोन्हींवर एच-ओ, म्हणजे मापाचं नाव, लिहिलेलं. दोन्हींत जर्मन रेल्वेचं तेच क्रीम-लाल १०३ इंजिन, माप १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एक मेर्क्लिन या जर्मन कंपनीचं, दुसरं टू-रेल पद्धतीचं, ट्रिक्सचं, आणि ट्रिक्स हे नाव आता मेर्क्लिनच्याच मालकीचं आहे, म्हणजे घरही एकच. तरी एकाच्या रुळावर दुसरं चालत नाही. घरात युरोपियन रेल्वेचा लेआउट मांडायचा तर देश कुठला, काळ कुठला, डोंगर हवा की बंदर, हे सगळं नंतर ठरवता येतं. रूळ कुठले, हे मात्र पहिलं इंजिन घेण्याआधीच ठरवावं लागतं.

दुकानदार आणि जुने शौकीन मेर्क्लिन आणि टू-रेल या दोन जातींना ‘एसी’ आणि ‘डीसी’ म्हणतात. खोक्यावरही एकावर नागमोडी रेघ असते, दुसऱ्यावर दोन आडव्या रेघा. आपल्याकडे एसी-डीसी म्हटलं की इगतपुरी आठवते. मुंबईकडची १५०० व्होल्टची डीसी तार पूर्वी तिथे संपायची, पुढे २५ हजार व्होल्ट एसी सुरू व्हायचं, आणि म्हणून इंजिन बदलावं लागायचं किंवा दोन्हींवर चालणारं लावावं लागायचं. तोच फरक मनात ठेवून मॉडेल रेल्वेकडे गेलात तर घोटाळा होणार. खरं १०३ इंजिन १५ हजार व्होल्ट एसीवरच धावायचं. त्याचं ‘डीसी’ मॉडेल म्हणजे काही वेगळ्या इंजिनाचं मॉडेल नव्हे. शिवाय आजच्या डिजिटल मेर्क्लिनच्या रुळात जुन्या अर्थाने एसी उरलेलाच नाही. खरा प्रश्न एवढाच आहे की करंट इंजिनात कुठून शिरतो आणि कुठून परत जातो. बाकीचे सगळे फायदे-तोटे त्यातूनच निघतात.

टू-रेलमध्ये डावा रूळ हे विजेचं एक टोक आणि उजवा रूळ दुसरं. दोन्ही टोकं एकमेकांना भिडू नयेत म्हणून एकाच आसावरची दोन चाकं प्लास्टिकच्या बुशने एकमेकांपासून तोडलेली असतात. मेर्क्लिनमध्ये दोन्ही रूळ मिळून एकच टोक असतं. दुसरं टोक रुळांच्या मधोमध, स्लीपरवरच्या बारीक खुंट्यांमध्ये. इंजिनाच्या पोटाखाली एक लांबट धातूची पट्टी असते, ती या खुंट्यांवरून घासत जाते. गोपिंगेनची ही कंपनी १८५९ पासूनची. सुरुवात बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातल्या टिनच्या भांड्यांपासून झाली. १९३५मध्ये तिने या मापाची छोटी गाडी आणली तेव्हा मध्ये चांगला ठसठशीत तिसरा रूळ होता. १९५०च्या दशकात तो गेला आणि खुंट्या आल्या. त्या इतक्या लहान असतात की दोन पावलं मागे उभं राहिलं तर शोधाव्या लागतात. गोंधळाचं मूळ तेच: लांबून दोन्ही रूळ सारखेच दिसतात.

(जुन्या मालात तिसराही एक प्रकार सापडतो. १९३५मध्येच न्यूरेंबर्गहून ‘ट्रिक्स एक्स्प्रेस’ आली. तिलाही तीन रूळ, पण तिन्ही एकमेकांपासून तोडलेले. त्यामुळे मधला रूळ दिसला की मेर्क्लिन, असं समजून जुनं खोकं उचलू नका.)

ओळखायचं कसं? इंजिन उलटं करा. पोटाखाली पट्टी दिसली तर प्रश्नच मिटला. डब्याला मात्र पट्टी असतेच असं नाही. तिथे मल्टिमीटर (वीज तपासायचं छोटं उपकरण) बझरवर ठेवा आणि त्याची दोन टोकं एकाच आसावरच्या दोन चाकांना लावा. बझर वाजला तर चाकं आतून जोडलेली आहेत, म्हणजे मेर्क्लिनची. गप्प राहिला तर टू-रेलची. घरात मल्टिमीटर नसेल तर या छंदात पडण्याआधी तो घ्या, इंजिन नंतर.

चुकीच्या रुळावर ठेवल्यावर दोघांची वागणूकही सारखी नाही. टू-रेलचं इंजिन मेर्क्लिनच्या रुळावर ठेवलं तर ते नुसतं उभं राहतं. दोन्ही रूळ एकाच टोकाचे असल्यावर त्याला वीज मिळणार कुठून? उलट मेर्क्लिनचा साधा मालडबा टू-रेलवर ठेवलात की त्याचा धातूचा आस दोन्ही रूळ जोडून टाकतो, शॉर्ट होतो आणि सगळा लेआउट बंद पडतो. डब्यांची अदलाबदल याच कारणाने आस बदलून होते, आणि सुटे आस विकतही मिळतात. टू-रेलचा डबा मेर्क्लिनवर विजेच्या दृष्टीने बिनधोक आहे. पण चाकांची कड आणि आतलं अंतर थोडं वेगळं असल्याने सांध्यावर, म्हणजे रूळ जिथे दोन फाट्यांत फुटतो तिथे, तो कधीकधी रूळ सोडतो.

हाताला पहिल्यांदा जाणवतो तो फरक दिशेचा. जुन्या पद्धतीच्या, डिजिटल नसलेल्या टू-रेलवर दिशा रुळात असते. ज्या बाजूला जाताना उजवा रूळ धन असेल, त्या बाजूला इंजिन जाणार. इंजिन उचलून उलटं तोंड करून ठेवलं तरी ते त्याच दिशेला जातं, फक्त आता मागे मागे. नॉब दुसऱ्या बाजूला फिरवला की धन-ऋण उलटतात आणि रुळावरचं सगळंच उलटं निघतं. जुन्या मेर्क्लिनमध्ये दिशा इंजिनाच्या पोटात असते. १६ व्होल्टपर्यंत वेग वाढतो. मागे न्यायचं असेल तर नॉब शून्याच्याही पलीकडे डावीकडे दाबायचा. क्षणभर २४ व्होल्ट जातात, आतला रिले (विजेने पलटणारा स्विच) ‘टक्’ करून पलटतो आणि पुढच्या वेळी इंजिन उलटं निघतं. रिलेची स्प्रिंग नीट बसलेली नसेल तर पलटण्याऐवजी इंजिन बेडकासारखी पुढे उडी मारतं. जुन्या मेर्क्लिनवाल्यांना ही उडी चांगलीच ओळखीची आहे, आणि ते ती तक्रारीपेक्षा कौतुकानेच सांगतात.

आता मुख्य मुद्दा: फिरून परत येणारा रूळ. समजा तुम्हाला ब्लॅक फॉरेस्टमधली ह्योलेनटालची लाइन उभी करायची आहे. चढाची एकेरी वाट, मध्ये रावेना दरीवरचा दगडी कमानींचा पूल. दोन्ही टोकांना, डोंगराच्या पोटात किंवा टेबलाच्या कडेला, गाडी गोल फिरून त्याच रुळावर परत यावी अशी मांडणी सगळ्यात सोयीची. एका टोकाला सांधा टाकायचा, एका फाट्याने आत जायचं, गोल घ्यायचा आणि दुसऱ्या फाट्याने त्याच एकेरी रुळावर यायचं. आता त्या एकेरी वाटेच्या डाव्या रुळावर बोट ठेवा आणि ते न उचलता रुळावरून सरकवत न्या. सांध्यातून आत, गोलाच्या बाहेरच्या कडेने, फिरून पुन्हा सांध्यापाशी. बोट जिथे पोचतं तो एकेरी वाटेचा उजवा रूळ असतो. टू-रेलमध्ये याचा अर्थ धन आणि ऋण समोरासमोर भिडले. गाडी ठेवायच्या आधीच शॉर्ट.

यावर उपाय आहे. गोलाची दोन्ही टोकं दोन्ही रुळांत कापून तो तुकडा वेगळा करायचा आणि गाडी आत असताना धन-ऋण पलटायचे. डिजिटलमध्ये हे काम एक छोटा मॉड्यूल आपोआप करतो. फक्त तो तुकडा गाडीपेक्षा लांब हवा. नाहीतर इंजिन बाहेर पडत असताना मागचा दिवे लागलेला डबा अजून आत शिरतच असतो, आणि पुन्हा शॉर्ट. टर्नटेबल (इंजिनाचं तोंड वळवायचा फिरता रूळ) आणि त्रिकोणी जोडणी यांचीही हीच कथा. मेर्क्लिनमध्ये डावा-उजवा भेदच नाही. खुंट्या मधोमध, त्या गोल फिरून आल्या तरी मधोमधच राहतात. कसाही रूळ कुठेही जोडा, शॉर्ट होत नाही. जमिनीवर रूळ पसरून मुलं ज्या काही अचाट जोडण्या करतात, त्या सगळ्या चालतात.

टू-रेलवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. स्वित्झर्लंडच्या गोटहार्डसारखा दुहेरी मार्ग करायचा असेल तर दोन्ही टोकं वळवून जोडली की तो एक चपटा केलेला गोलच होतो. तिथे हा त्रास येत नाही. पण दोन मार्गांमध्ये गाडी पलीकडे न्यायला एक क्रॉसओव्हर टाकलात की तो परत येतो.

मेर्क्लिनचा आणखी एक फायदा जाहिरातीत फारसा दिसत नाही, पण लपवलेल्या स्टेशनात, म्हणजे नजरेआड गाड्या उभ्या करायच्या जागेत, रोज उपयोगी पडतो. दोन्ही रूळ एकाच टोकाचे असल्याने त्यातला एक थोड्या लांबीपुरता कापून वेगळा काढता येतो. गाडी त्यावर आली की धातूचा आस दोन्ही रूळ पुन्हा जोडतो, आणि ‘इथे गाडी आहे’ हे कळायला दुसरं काही लागत नाही. शेवटचा बिनदिव्याचा मालडबासुद्धा स्वतःची हजेरी देतो. टू-रेलमध्ये यासाठी करंट मोजणारं उपकरण लागतं, आणि डब्यांना रेझिस्टर लावलेले आस. धुळीच्या बाबतीतही तसंच. मेर्क्लिनमध्ये परतीला दोन रूळ असल्याने एकाने साथ सोडली तरी दुसरा असतो. टू-रेलमध्ये प्रत्येक रूळ एकटा, म्हणून कापड जास्त वेळा फिरवावं लागतं. पावसाळ्यात, आणि खिडकी रस्त्याकडे असेल तर बारा महिने.

दिसण्यात मात्र टू-रेल सरळ जिंकतं. रुळाच्या उंचीवर कॅमेरा नेला की मेर्क्लिनच्या खुंट्यांची रांग दिसतेच, आणि पट्टीचा घासण्याचा आवाज शांत खोलीत ऐकू येतो. निवडीलाही टू-रेलमध्ये जास्त वाव. रोको, पिको अशा कंपन्या जर्मन, ऑस्ट्रियन, स्विस इंजिनांच्या दोन्ही आवृत्त्या काढतात. पण इटली, फ्रान्स, स्पेनच्या रेल्वे उभ्या करायच्या असतील तर कितीतरी मॉडेल फक्त टू-रेलमध्येच मिळतात. जागेच्या बाबतीत दोघं सारखेच. मेर्क्लिनचं नेहमीचं घट्ट वळण ३६० मिलिमीटर त्रिज्येचं, टू-रेलवाल्यांचंही त्याच्या आसपास. त्या वळणावर २८ सेंटिमीटरचे एक्स्प्रेस डबे दोन्हीकडे तितकेच केविलवाणे दिसतात. छोट्या जागेत आखूड डब्यांची शाखा-लाइन करावी.

डिजिटल आल्यावर या भांडणाचा विजेचा भाग जवळपास संपला. १९८०च्या दशकाच्या मध्यात मेर्क्लिनने स्वतःची डिजिटल पद्धत आणली, आणि पुढे २००४मध्ये तिची नवी पिढी, एमएफएक्स. टू-रेलकडे डीसीसी ही डिजिटल पद्धत आली, जर्मनीतल्या लेंत्स कंपनीच्या कामावर आधारलेली आणि अमेरिकन शौकिनांच्या संघटनेने १९९०च्या दशकात प्रमाण ठरवलेली. दोन्हींत रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं आणि दिशा, वेग, दिवे, भोंगा हे सगळं इंजिनातला डिकोडर (हुकूम वाचणारं छोटं सर्किट) बघतो. म्हणजे ‘दिशा इंजिनाच्या पोटात’ ही मेर्क्लिनची जुनी रीत आता सगळ्यांचीच झाली. मेर्क्लिनची नवी इंजिनं डीसीसीही समजतात आणि तिचं कंट्रोलर डीसीसीही बोलतं. भाषा एक झाली, चाकं आणि खुंट्या मात्र आपापल्या जागी राहिल्या. एक खबरदारी: डिकोडर नसलेलं जुनं इंजिन डिजिटल रुळावर ठेवू नका. टू-रेलच्या इंजिनाची मोटर गुणगुणते आणि तापते, नाजूक मोटर जळूनही जाते.

माझं मत विचाराल तर घरात लहान मुलं आहेत, लेआउट कायमचा नाही, सुट्टीत काढायचा आणि आवरायचा आहे, तर मेर्क्लिन, आणि तेही खडीसकट येणारे प्लास्टिकच्या बैठकीचे सी-रूळ. टिनचे जुने एम-रूळ देखणे असतात, पण कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळ्यांत गंज धरतात. स्वतंत्र खोली आहे, खडी हाताने टाकायची आहे, फोटो काढायचे आहेत, आणि वायरिंगचा कंटाळा नाही, तर टू-रेल डीसीसी. अजून काहीच ठरत नसेल तर पुण्यात कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये तासभर काढा. एवढ्या लहान मापात गाव कसं बसवतात ते समोर दिसतं.

राहिला ट्रान्सफॉर्मर. जर्मनीतून आणलेला चालतो. तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच असतं आणि पिनही सहसा आपल्या सॉकेटमध्ये बसते. अमेरिकेतून आणलेला चालत नाही. पण मेर्क्लिनचा जुना निळा पत्र्याचा ट्रान्सफॉर्मर कुणी भेट दिला तर त्याच्यावर २२० व्होल्ट लिहिलंय का ते पाहा. आपल्याकडे रात्री उशिरा २४० व्होल्ट सहज असतात. मग दिशा बदलायचा २४ व्होल्टचा झटका २६च्या वर जातो. जुन्या रिलेच्या इंजिनाला त्याचं काही वाटत नाही, नव्या इंजिनाचा डिकोडर मात्र जाऊ शकतो. शिवाय त्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरवरचं आवरण आता कित्येक दशकांचं झालेलं असतं, आणि त्याला हात लावणार आहेत घरातली मुलं. तो वापरात न आणलेलाच बरा.